चौथा प्रश्न

पेपर नातीने द्यायचा आणि नापास मात्र आजोबांनी व्हायचे, असा प्रकार कुणी ऐकला आहे काय? माझ्या बाबतीत तो घडला. तोही इंग्रजीच्या पेपरात! १९७२ पासून २००६ पर्यंत, म्हणजे चांगली चौतीस वर्षे, मी मुंबईतल्या एका मराठी शाळेत इंग्रजीच शिकवले. माझ्या हाताखालून गेलेली पोरे आज बँकांतून मॅनेजर आहेत, आणि रस्त्यात भेटली की अजून वाकून नमस्कार करतात. असा मी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका सोळा वर्षांच्या पोरीच्या हातून सोळांपैकी सात गुण घेऊन बसलो. त्याचीच ही हकीकत.

माझी मुलगी लंडनच्या उपनगरात, हॅरोला राहते. २०२४ च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेलो. विमानतळावर सगळ्यांचे चेहरे हसरे होते, पण घरी पोचल्यावर वातावरण काही ठीक दिसेना. नात जेवली न जेवली अशी उठून गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, तिला काही विचारू नका. इंग्रजीत तीन पडलेत."

"शंभरांपैकी?" मी दचकून विचारले.

तेव्हा तिथला सगळा हिशेब मला समजला. आपल्या दहावीच्या जागी इंग्लंडात जी. सी. एस. ई. नावाची परीक्षा असते. तीत टक्के सांगत नाहीत. नऊ ते एक अशा श्रेणी देतात. आपल्याकडे पहिला नंबर थोर. तिथे सगळेच उलटे: नऊ सर्वांत वर आणि एक तळाशी! इंग्रजीत निदान चार हवेत. ते पडले नाहीत, तर पुढे दुसरे काही शिकत असतानाही अठराव्या वर्षापर्यंत इंग्रजी पाठ सोडत नाही. आमच्या कन्यारत्नाच्या कन्येला शाळेच्या पूर्वपरीक्षेत, म्हणजे आपल्या प्रिलिममध्ये, तीन पडले होते.

मला हे कोडेच वाटले. पोरगी तिथेच जन्मलेली. तिचे इंग्रजी असे भरधाव, की मला दर दोन वाक्यांनी "काय म्हणालीस?" असे विचारावे लागे. ती इंग्रजीत नापास कशी होते?

दुसऱ्या दिवशी तीच माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, तुम्ही इंग्लिशचे टीचर होता ना? मग मला चौथा प्रश्न शिकवा."

तिने कागद पुढे केला. ए. क्यू. ए. नावाच्या मंडळाचा तो दुसरा पेपर. वेळ पावणेदोन तास, गुण ऐंशी. दोन उतारे दिलेले. कथा-कादंबरीतले नव्हेत, प्रत्यक्षातले: लेख, पत्र, प्रवासाचे टिपण असे काही. एक एकोणिसाव्या शतकातला, दुसरा विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातला. पहिले तीन प्रश्न चार, आठ आणि बारा गुणांचे. शेवटचा निबंध चाळीस गुणांचा. आणि अधेमधे वाघासारखा बसलेला हा चौथा, सोळा गुणांचा. विषय एकच, पण दोन लेखक त्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. त्यांचे दृष्टिकोन कसे निरनिराळे आहेत, आणि ते वाचकापर्यंत पोचवण्यासाठी त्यांनी कोणत्या रीती वापरल्या आहेत, याची तुलना करायची. २०१७ सालापासून तिथली मुले या प्रश्नाशी झुंजत आली आहेत.

मी मनात म्हटले, हात्तिच्या! एवढेच ना?

सरावासाठी मी एक जोडी निवडली. चार्ल्स डिकन्सने १८४९ साली लंडनच्या 'टाइम्स'ला लिहिलेले एक पत्र, आणि जॉर्ज ऑर्वेलचा १९३१ सालचा 'अ हँगिंग' हा लेख. दोन्हींचा विषय फाशी. आता दिवाळीच्या अंकात हा मास्तर फाशीची गोष्ट कुठे घेऊन बसला, असे वाचक म्हणतील. पण परीक्षा आणि फाशी यांचे नाते आम्हा मास्तर लोकांना फार जवळचे वाटते. तेव्हा थोडे सोसून घ्यावे.

"तू नंतर लिही," मी नातीला म्हणालो, "आधी मी आदर्श उत्तर लिहून दाखवतो." आणि वळणदार अक्षरात दोन पाने भरून काढली. डिकन्स १८१२ साली जन्मला. ऑर्वेलचे खरे नाव एरिक ब्लेअर, जन्म आपल्या बिहारातल्या मोतीहारीचा, साल १९०३. पुढे तो पोलिसात नोकरीला लागला आणि १९२२ साली ब्रह्मदेशात मंडालेला शिकाऊ म्हणून गेला. लोकमान्य टिळक त्याच गावच्या तुरुंगातून सुटून आल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. हे मी मोठ्या अभिमानाने लिहिले. दोन्ही लेखक थोर आहेत. दोघांचाही फाशीला विरोध आहे. डिकन्सची भाषा भरजरी, ऑर्वेलची साधी. दोहोंत ऑर्वेल अधिक प्रभावी ठरतो. खाली रेघ मारली आणि पेन मिटवले.

नातीने ते वाचले. काही न बोलता तिने गुणदानाचा तक्ता काढला. त्यात चार पायऱ्या असतात, प्रत्येकी चार गुणांची. सर्वांत खाली नुसती ओबडधोबड तुलना. तिच्या वरची पायरी म्हणजे थोडाफार प्रयत्न. तिसरी, स्पष्ट आणि मुद्द्याला धरून. चौथी, मर्म ओळखून केलेली बारीक तुलना. बाईसाहेबांनी मला दुसऱ्या पायरीवर बसवले. सोळांपैकी सात.

"डिकन्स कधी जन्मला हे कुणी विचारलंय आबा?" ती म्हणाली. "आणि जास्त चांगलं कोण, हेही विचारलं नाहीये. आणि दोघांचा फाशीला विरोध आहे, हे तुम्हाला डिकन्सच्या पत्रात कुठे दिसलं?"

मी पत्र पुन्हा वाचले. आणि चरकलो. पोरीचे खरे होते. फाशी असावी की नसावी या वादात मी शिरत नाही, असे डिकन्सने पत्रात आरंभीच सांगून टाकले आहे. आपल्याला गाईडे वाचून उत्तरे लिहायची सवय. डिकन्स म्हणजे दीनदुबळ्यांचा कैवारी, तेव्हा त्याचा फाशीला विरोध असणारच, असे मी धरून चाललो. कागदावर काय आहे हे पाहिलेच नाही. 'अपेक्षित प्रश्नसंचां'तली साचेबंद उत्तरे पाठ करून घेण्यात चौतीस वर्षे गेली, त्याचा हा प्रसाद!

तिचे स्वतःचे उत्तर काही बरे होते असे नाही. तिने उताऱ्यातले अलंकार हुडकून त्यांची यादी केली होती. इथे उपमा आहे, इथे तीन विशेषणे ओळीने आली आहेत, इथे एक शब्द पुन्हा आला आहे. पोरे काड्यापेट्यांची चित्रे जमवतात तसे! शिवाय आधी सगळा डिकन्स आणि मग सगळा ऑर्वेल, अशी दोघांची दोन बिऱ्हाडे केली होती. मग तुलना व्हायची कुठे? तिच्या बाईंनी पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ठिकठिकाणी एकच शेरा मारला होता: 'बरं, मग?'

तेव्हा आम्ही दोघेही नापास विद्यार्थी शेजारी शेजारी बसलो आणि एक साधा प्रश्न घेतला. लेखक उभा कुठे आहे, आणि त्याचे तोंड कुणीकडे आहे?

१३ नोव्हेंबर १८४९ ला लंडनच्या हॉर्समाँगर लेन तुरुंगावर मॅनिंग नावाच्या नवराबायकोला खुनाबद्दल फाशी दिली. तेव्हा फाशी उघड्यावर होई आणि लोक जत्रेला जमावे तसे जमत. डिकन्स तिथे हजर होता, आणि त्याच दिवशी त्याने पत्र लिहिले. पण त्या पत्रात फासावर जाणारी माणसे फारशी दिसतच नाहीत. दिसते ती गर्दी. रात्रभर चाललेला आरडाओरडा, गाणी, टवाळी, चोरभामटे आणि बायाबापड्या यांची रेटारेटी. वाक्ये लांबलचक, एकात एक गोष्ट कोंबत जाणारी. वाचताना आपणच त्या गर्दीत धक्के खात आहोत असे वाटते. म्हणजे डिकन्सची पाठ वधस्तंभाकडे आहे आणि तोंड लोकांकडे. त्याचे मागणे एवढेच, की हे काम तुरुंगाच्या भिंतीआड, गांभीर्याने व्हावे. पत्र वर्तमानपत्राला आहे, सरकारच्या कानावर जावे म्हणून. त्यामुळे आवाजही चढा आहे.

ऑर्वेलच्या लेखात गर्दी नाहीच. ब्रह्मदेशातल्या तुरुंगातली पावसाळी सकाळ. मोजकी माणसे. कैद्यांची न्याहरी खोळंबली आहे म्हणून साहेब घाई करतो आहे. ऑर्वेल फाशीच्या कैद्याच्या मागून चालतो आहे आणि त्याची पाठ पाहतो आहे. वाटेत पाण्याचे डबके येते, आणि जो माणूस थोड्याच वेळात मरणार तो पाय भिजू नये म्हणून जरासा बाजूला होतो. बस्स, एवढेच. तेवढ्यावरून ऑर्वेलला एकदम उमगते, की जिताजागता माणूस ऐन भरात असताना मारणे म्हणजे काय. वाक्ये लहान, शब्द रोजचे. कुठे ओरडणे नाही.

नात बराच वेळ पेन्सिल चावत बसली होती. मग म्हणाली, "आबा, डिकन्सला फाशी भिंतीच्या आत हवी होती ना? ऑर्वेलची भिंतीच्या आतच आहे. मग तरी त्याला ती वाईट का वाटली?"

मी खुर्चीत सावरून बसलो. विलायतेत उघड्यावरची फाशी १८६८ साली बंद झाली हे मला ठाऊक होते. पण या दोन लेखांना जोडणारा धागा तो आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"आणि हसणं दोन्हीकडे आहे," ती पुढे म्हणाली. "डिकन्सचे लोक हसतात तेव्हा तो त्यांच्यावर चिडतो. ऑर्वेलच्या लेखात शेवटी सगळे ऑफिसर हसतात, दारू पितात, आणि तो 'आम्ही' म्हणतो. स्वतःला बाहेर काढत नाही."

मी तिला म्हणालो, "हेच लिही. असंच. 'त्याउलट' आणि 'त्याचप्रमाणे' हे दोन शब्द हाताशी ठेव, आणि प्रत्येक परिच्छेदात दोघांनाही बसव." त्या दिवशीचे तिचे उत्तर मी तपासले असते तर बारा दिले असते. पण तपासण्याचा अधिकार मी सकाळीच गमावला होता.

महिनाभर असा सराव चालला. जोड्या संपत आल्या. एका रविवारी मी म्हणालो, "आता कुठले दोन उतारे आणायचे?" स्वयंपाकघरातून मुलगी ऐकत होती. हात पुशीत ती बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्याकडे आहे एक जोडी." कपाटातून तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात एक पाकीट होते. वर माझे अक्षर.

मुलगी २००४ साली लग्न होऊन इकडे आली. त्या वर्षी दिवाळीआधी आम्ही उभयतांनी तिला पत्रे लिहिली होती. पाकीट एक, पत्रे दोन. एकमेकांचे पत्र वाचायचे नाही असा आमच्या घरचा शिरस्ता. पाकिटाला डिंक हिने लावला होता आणि पोस्टात मी टाकले होते. ही २०१६ साली गेली. हिने तेव्हा काय लिहिले होते, हे मला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हते.

नातीला मराठी ऐकून सगळे कळते, वाचता येत नाही. तेव्हा मुलगी वाचू लागली.

आधी माझे. "अनेक उत्तम आशीर्वाद. (१) आम्हा उभयतांची प्रकृती ठीक आहे. (२) पुढील खोलीस रंग दिला. मजुरी फार वाढली आहे. (३) फराळ नेहमीप्रमाणे. पार्सल स्वतंत्र पाठवले आहे, पोच द्यावी. (४) फोन वारंवार करू नये. मिनिटागणिक पैसे पडतात. विशेष काही असल्यास पत्र लिहावे."

मग हिचे. हिच्या पत्रात परिच्छेद म्हणून नाहीत. "चकल्या यंदा निम्म्याच केल्या तरी डबा उतू चाललाय. रंगारी येऊन गेले. आतल्या दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत ना, तेवढी चौकट यांनी रंगवू दिली नाही. रंगारी म्हणाला वाईट दिसेल, हे म्हणाले दिसू दे. रोज शाळेला निघण्याआधी गॅलरीत उभे असतात, पोस्टमनच्या वेळेला. विचारलं तर म्हणतात ऊन खातोय. ऑक्टोबरात कुणी ऊन खातं का गं?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

नात मात्र परीक्षेच्याच धुंदीत होती. बोटे मोजीत तिने सुरुवात केली. "पहिल्या पत्राचा लेखक कोरडा आहे. त्याला पैशाची काळजी आहे. आकडे घालून मुद्दे मांडतो, ऑफिससारखे. त्याउलट दुसऱ्या पत्रात माया आहे..."

"मीही तसंच समजले होते," मुलगी हळूच म्हणाली. "वीस वर्षं. मी इकडे आले ते बाबांना पसंत नव्हतं. त्यात तो चौथा मुद्दा वाचला आणि आठ दिवस रडत होते. म्हणून मग दुपारीच फोन करायचे. बाबा शाळेत गेले की."

हेही मला ठाऊक नव्हते.

"थांब आई," नात म्हणाली. तिने पुन्हा पेन्सिल तोंडात धरली. "आजीच्या पत्रात आजी कुठे आहे? चकल्या सोडल्या तर सगळे आबाच आहेत. चौकट आबांची, गॅलरी आबांची. रंग दोघांनीही लिहिलाय. आबा मजुरी सांगतात, आजी चौकट सांगते. 'तुझी आठवण येते' असं दोघांनीही लिहिलं नाहीये." मग ती माझ्याकडे वळली. "म्हणजे दृष्टिकोन एकच आहे. रीत वेगळी. मग आबा, तुम्ही फोन करू नको असं का लिहिलंत?"

चौतीस वर्षांत मला विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही असे क्वचितच झाले असेल. त्या दिवशी वेळ लागला. मुलगी सासरी, म्हणजे थेट विलायतेला गेली, त्या पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. मी तो घेतला. "बाबा" एवढे ऐकले आणि माझा आवाज फुटेना. मी रिसीव्हर हिच्या हाती दिला आणि आत निघून गेलो. पुन्हा असे होऊ नये एवढाच माझा हेतू. पैशाचे कारण चांगले होते. मास्तरच्या घरात ते कुणालाही पटण्यासारखे. हे सगळे मी कसेबसे सांगितले.

कुणीच काही बोलले नाही. मग नात म्हणाली, "पण हे उत्तरात लिहिता येणार नाही आबा. परीक्षेत लेखकाला विचारता येत नाही. कागदावर जे आहे त्यावरूनच ओळखावं लागतं."

"आणि घरी?" मुलीने विचारले.

"घरी विचारता येतं की!" पोरगी म्हणाली, जशी काही ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. मुलीने परदेशी जावे की नाही यावर आमच्या घरात वर्षभर वाद झाले होते. मी सगळा वेळ एकच विचारीत होतो: बरोबर कोणाचे? ती तिथून काय पाहते आहे, हिला काय दिसते आहे, आणि मी कुठे उभा राहून बोलतो आहे, हे मी विचारले नव्हते. माझ्या आदर्श उत्तरातही मी तेच केले होते. दोघांत सरस कोण ते ठरवून खाली रेघ मारली होती. त्या पोरांच्या पेपरात न्यायाधीश व्हायला कुणी सांगतच नाही. दोघांना शेजारी बसवा, दोघांचे नीट ऐका, आणि तो तसे का म्हणतो ते त्याच्याच शब्दांत शोधा, एवढेच सांगतात. त्याला सोळा गुण ठेवले आहेत. कमीच ठेवले, असे मला वाटते.

जूनमध्ये पेपर झाला. नात घरी आली ती बूट न काढताच म्हणाली, "चौथा वेळेत झाला!" ऑगस्टमध्ये निकाल लागला. पाच पडले. नऊवाल्यांच्या घरी पाचाचे कौतुक वाटणार नाही, पण आमच्याकडे पेढे आले. सप्टेंबरात मी परत आलो.

त्या दिवाळीला फराळाच्या पार्सलात मी मुलीला पत्र घातले. सवय कुठली जायला? मुद्द्यांना आकडे घातलेच. प्रकृती ठीक आहे. घराला रंग दिलेला नाही. आतली चौकट अजून तशीच आहे. सर्वांत वरच्या रेघेपेक्षा आता नात उंच असेल, एकदा येऊन मोजून जावे. आणि चौथा मुद्दा लिहिताना पेन जरा थांबले, पण लिहिला: फोन करीत जा. मला बोलता आले नाही, तरी करीत जा.